डुकराची ओटी

परत आल्यापासून आमच्या तळा गावच्या बाजारपेठेतनं चालणं मुश्कील झालंय. दर चार दुकानांमागे एक जण अडवतो आणि विचारतो, "काय पश्या, दिसलं का डुक्कर?" मी ज्याचा त्याचा आवाज काढून त्यालाच उत्तर देतो, त्यामुळे लोकांना अजून चेव येतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्यांना अलिबागला जायचं नाही, मांडव्याची बोट बघायची नाही, पण दुसऱ्याच्या बापाच्या लिव्हरची खडान्‌खडा माहिती पाहिजे, त्यांनी बसून वाचावं.

तळा

आधी माणसं सांगतो. मी नकलाकार. हळदीला, पूजेला, क्रिकेटच्या बक्षीस समारंभाला बोलावतात. बोकड, कोंबडा, एसटीचा कंडक्टर, भूमिती शिकवणारे सर, पाण्यात बसलेली म्हैस, काय पाहिजे ते करतो. माझे वडील आप्पा, गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. बैलाचं शिंग मोडलं किंवा गाय अडली की डॉक्टर यायच्या आधी आप्पा हजर. माझ्या धंद्याला ते 'माकडचाळे' म्हणतात, आणि गावात माझा कार्यक्रम असला की नेमकं त्यांना दुसऱ्या आळीत काम निघतं.

आप्पांचं लिव्हर खलास झालंय. दारूनं नाही. काविळीचा जुना विषाणू अंगात दबा धरून बसला होता म्हणे. आप्पांनी जन्मात दारूला हात लावला नाही, पण तळ्यात हे कुणाला पटत नाही. लोक "हो का, हो का" करतात आणि एकमेकांकडे बघतात. पोटात पाणी होतं, पाय सुजतात, जेवणात मीठ बंद.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधानं भागायचं नाही, घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला पाहिजे. लिव्हर म्हणजे शेवग्याच्या फांदीसारखं आहे. तोडलं तिथे फुटतं, लावलं तिथे पण फुटतं. आईला साखर आहे, बहीण मला नाही. तपासण्यांत माझं जुळलं. दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. "देणार का?" हा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी हो म्हटलं. इतक्या पटकन मी गणपतीच्या वर्गणीला पण कधी हो म्हटलेलं नाही. माझा मलाच संशय आला.

आणि मग एका सकाळी चहा पिताना आप्पा म्हणाले, "पश्या, कापाकापी करायची न्हाय. अलिबागकडं एक डॉक्टरीण हाय. ती माणसाच्या पेशी जनावरात सोडते. डुकरात. त्याच्या पोटात माणसाचं लिव्हर धरतं. तयार झालं का काढायचं आन्‌ आपल्याला बसवायचं."

"कोणी सांगितलं?"

"सांगितलं एकानं."

"त्या एकाला नाव असेल की."

"का, त्याची नक्कल करायचीय व्हय रं?"

मी मोबाईलवर बघितलं. जगात असलं संशोधन चालतं, हे खरं निघालं. तिथेच माझं डोकं फिरलं. सगळंच खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण अर्धं खरं असलं की उरलेल्या अर्ध्यात एजंट उभा असतोच. आप्पा शेवटच्या टोकाला आलेत, हे कुणीतरी हेरलंय. मी ठरवलं, जायचं, त्या एजंटला पकडायचं, आणि त्याचा आवाज नीट कानात भरून घ्यायचा, म्हणजे पुढच्या हळदीला कामाला येईल.

निघताना आईनं पिशवी दिली. आत चोळीचा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

"ही कुणाची ओटी?"

"त्या डुकरिणीची."

"आई, ती डुक्कर आहे."

"असू दे. दुसऱ्याचं अंग पोटात वाढवणार ना ती? मग पोटुशीच झाली की. पोटुशीकडं कुणी हात हलवत जातं का? आणि जरा लांबूनच भरा, लाथ मारेल."

मी आप्पांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, जसं काय त्यात एकादशी शोधतायत. आप्पा एकादशी कधीच धरत नाहीत.

अलिबाग

एसटी बदलत बदलत दुपारी अलिबागला पोचलो. आमच्या तळ्याला चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे नजर जिथे तिथे आपटून परत येते. इथे ती सुटली की सुटली. मी म्हटलं, "आप्पा, चला, आधी समुद्र बघू."

"पाणी काय बघायचं? माज्या पोटात हाय तेवढं पुरे."

हे त्यांचे विनोद. मला माकड म्हणतात आणि स्वतः हे.

रात्रीपुरती खोली घेतली, तिच्याच खाली खानावळ. चालवणाऱ्या काकूंचा आवाज असा की मांडव्याला ऐकू जावा. त्यांनी समोर येऊन धडाधड म्हणून टाकलं, "सुरमई, बांगडा, कोलंबी, बोंबील फ्राय, जवळ्याची चटणी!"

आता आमची गंमत बघा. आप्पांना मीठ बंद. आणि मला हॉस्पिटलनं सांगितलेलं, लिव्हरवरची चरबी उतरवायची, तळलेलं तोंडात घालायचं नाही. समुद्राला खेटून बसलेली दोन माणसं, आणि दोघांनाही बोंबील मना.

मी म्हटलं, "काकू, यांना बिनमिठाचं आणि मला बिनतेलाचं काय मिळेल?"

काकूंनी आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग जेवायला कशाला आलात? हात धुवायचा नळ तिकडं हाय."

पण आप्पांच्या पायांची सूज दिसल्यावर आवाज एकदम उतरला. कुठलं गाव, कधीपासून, सगळं विचारलं. अर्ध्या तासानं तांदळाची भाकरी, वेगळं काढून केलेलं वालाचं बिरडं आणि एक अख्खा पांढरा कांदा आणून ठेवला. "हा आमचा अलिबागचा कांदा. ह्याला मीठ लागत न्हाय. खा, बाबा." आमच्याकडे कांदा खाल्ला की डोळ्यांना पाणी येतं. हा गोड लागला. आप्पांनी सगळा संपवला. कित्येक दिवसांनी ताटात काही न उरता जेवले.

मी काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथे जवळपास डुकरांवर प्रयोग करणारा बंगला आहे म्हणे?"

"डुकरांवर?" काकू म्हणाल्या. "न्हाय बा. मांडव्याच्या वाटेवर एक उंदरांचा बंगला हाय, तेवढा ऐकून हाय."

आप्पा पटकन म्हणाले, "डुकरं आत ठेवत असतील. लोकांना दाखवत न्हाईत."

मांडव्याच्या वाटेवर

सकाळी मिनीडोर केली. मिनीडोर म्हणजे रिक्षेची मोठी बहीण, सहा बसवायचे आणि दहा बसतात. आम्ही अख्खीच केली, आप्पांना दाटीत श्वास लागतो म्हणून. ड्रायव्हर तोंडात गुटखा धरून बोलणारा. आप्पांकडे आरशात बघून म्हणाला, "काय काका, आज दोगं?"

आप्पा बाहेर बघायला लागले.

माझे कान टवकारले. "आज दोघं म्हणजे?"

"म्हंजे दोगंच ना? का मागून कोन येनार हाय?" आणि त्यानं गाडी दामटली.

मी मनात नोंद केली. ड्रायव्हर सामील.

रस्त्याला पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या टांगलेल्या, पलीकडे सुपारीच्या वाड्या, आणि मधेच मुंबईवाल्यांचे बंगले. आमच्याकडे भिंत बांधतात ती गुरं शिरू नयेत म्हणून, कमरेएवढी. इथे दोन पुरुष उंच, आत माणूस नाही, एक माळी फक्त निळ्या पाण्याच्या तलावातली पानं काढत बसलेला. पाणी प्यायचं नाही, शेताला सोडायचं नाही, वर्षातनं आठ दिवस त्यात डुंबायचं. असल्या गल्लीत शेवटी एक गेट. पाटी नाही. ड्रायव्हर न विचारता थांबला आणि आप्पा न विचारता उतरले. वॉचमननं वही पुढे केली, तर पेन कुठे बांधलंय हे आप्पांना माहीत. माझ्या आधी चपला काढून त्यांनी बरोबर डावीकडच्या फळीवर ठेवल्या.

मी मनात म्हटलं, एजंटनं तयारी चोख करून घेतलीय.

आत फिनेलचा वास, बाकडं, आणि काचेची बंद दारं. जनावराचा ना आवाज, ना वास. गुरांच्या दवाखान्यात लहानाचा मोठा झालोय मी. जनावर असलं की नाकाला कळतं. इथे काहीच नाही. म्हणजे आत रिकाम्या खोल्या, असा मी हिशेब केला. मग माझी खात्रीची युक्ती केली. तळ्यात मी पहाटे कोंबडा काढला की चार आळ्यांतनं कोंबडे उत्तर देतात. जनावर जनावराला उत्तर देतंच. मी तोंड दाराकडे केलं आणि उंदराचा चित्कार काढला. अगदी शेपटीवर पाय पडल्यासारखा.

आतनं उत्तर आलं नाही. एक बाई मात्र आल्या. हिरवा झगा, डोक्याला टोपी, हातात झाडू.

"सुटला! मॅडम, उंदीर सुटला वो! कुठं पलाला? बाबा, पाय वर घ्या!"

आप्पांनी पाय वर घेतले. मी पण घेतले. कुठल्या तोंडानं सांगू? वॉचमन धावला, आतून घंटा वाजायला लागली, दोन पोरी टोप्या सावरत आल्या आणि बाकड्याखाली वाकून बघायला लागल्या. त्यांच्या मागून मॅडम आल्या. चष्मा, केसांवर टोपी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

मी हात वर केला. "उंदीर नाही. मी होतो."

"का?"

"उत्तर येतंय का बघत होतो."

मॅडमनी घंटा बंद करायला लावली. "त्या खोल्यांतून बाहेर आवाज येत नाही, हवा पण येत नाही. एक उंदीर बाहेर पडला तर आमची दोन वर्षांची मेहनत वाया जाते. सुगंधाबाईंना आत जाताना तीनदा हात धुवावे लागतात. आणि तुम्ही गंमत करता?"

झाडूवाल्या त्या सुगंधाबाई. छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. "हुबेहूब काढलास पन, मेल्या."

मॅडमनी आम्हाला समोर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. "इथे उपचार होत नाहीत. इथे पेशंट घेत नाही. इथे काय चालतं ते मी तुम्हाला दाखवते, आणि काय होऊ शकत नाही ते पण सांगते."

आणि मी सावध झालो. नकला करणाऱ्याचा कान आहे माझा. माणूस सुचेल तसं बोलतो तेव्हा अडखळतो, शब्द बदलतो. बाईंचं वाक्य जिथे थांबायचं तिथेच थांबत होतं, श्वास ठरलेल्या जागी पडत होता. हे बोलणं पाठ होतं. शंभर वेळा करून झालेला कार्यक्रम होता. पाठ बोलतं कोण? पुढारी, विमेवाला, आणि मी.

त्यांनी पडद्यावर खोली दाखवली. डब्यांच्या रांगा आणि डब्यांत पांढरे उंदीर. एवढे एवढे. डुक्कर नाही. मी आप्पांकडे बघितलं, म्हटलं आता हे तोंडावर पडणार. आप्पा दचकले पण नाहीत. ओटीची पिशवी मांडीवर धरून बसलेले.

मॅडमनी समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. माणसाच्या रक्तातल्या किंवा कातडीतल्या पेशी घ्यायच्या आणि त्यांना उलटं न्यायचं, इतकं मागे, की त्या आपण कोण ते विसरतात. मग त्यांना शिकवायचं, तुम्ही लिव्हर व्हा. बशीत त्या होतात, पण कच्च्या राहतात.

"तान्ह्या बाळासारख्या," मॅडम म्हणाल्या. "पिकायला त्यांना जिवंत शरीर लागतं. म्हणून उंदरात सोडतो."

"आन्‌ उंदराचं अंग ते घेतं? परकं हाय म्हणून फेकत न्हाय?" आप्पांनी विचारलं. गुरांच्या दवाखान्यातला माणूस जागा झाला होता.

"फेकेल. म्हणून या उंदरांची ती ताकदच काढलेली असते. यांना साधी सर्दी झाली तरी मरतील. आणि यांचं स्वतःचं लिव्हर हळूहळू निकामी होत जातं, तेव्हा आपल्या पेशींना आत जागा मिळते."

"मग बसवत का नाही माणसाला?" मी विचारलं.

"उंदराचं लिव्हर सुपारीएवढं असतं. तुमच्या वडिलांना दीडेक किलोचं लागतं. आम्ही यावर औषधं तपासतो, नवं औषध माणसाच्या लिव्हरला झेपेल का ते. मोठ्या जनावरांत माणसाचं अख्खं लिव्हर वाढवायचं काम जगात कुठे कुठे चाललंय. पण ते पेशंटपर्यंत कधी येईल, मला माहीत नाही. यांच्यासाठी नाही येणार."

आता मी वाट बघायला लागलो. असल्या बोलण्यात शेवटी एक 'तरीपण' येतो. तरीपण तुम्ही लांबून आलात म्हणून. तरीपण एक मार्ग आहे. मी मुद्दाम दार उघडून दिलं. एजंट लोकांचा तो मऊ, तुपातला आवाज काढला. "मॅडम, काहीतरी जुळवून घेता येईल ना?"

"नाही."

"नाव लिहून ठेवू?"

"यादीच नाही."

"ओळखीतनं?"

"तुम्ही कुणालाही घेऊन या. नाही."

'तरीपण' काही आला नाही. उलट त्यांनीच मला विचारलं, "तुमची शस्त्रक्रियेची तारीख आहे ना? आता तीन आठवड्यांवर आली असेल. मग इथे का वेळ घालवताय?"

मी एकदम उभा राहिलो. "तारीख तुम्हाला कुणी सांगितली? मी तर अजून नाव पण सांगितलेलं नाही. म्हणजे तुमच्याच माणसानं आप्पांना गाठलंय. डुकराची थाप पण त्यानंच मारली. आजारी माणसाला असं झुलवायला लाज नाही वाटत?"

मॅडमनी चष्मा काढला. माझ्याकडे नाही, आप्पांकडे बघितलं.

"काका, तुम्ही सांगता का मी सांगू?"

आप्पा पिशवीची गाठ सोडायचे आणि परत मारायचे.

"तुमचे वडील मागच्या महिन्यात एकटेच आले होते," मॅडम म्हणाल्या. "हेच सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आणि मग म्हणाले, बाई, माझं एक काम करा. मी मुलाला घेऊन येतो. त्याला सांगा, डुकरात लिव्हर धरलंय, दिवाळीपर्यंत तयार होतंय. म्हणजे तो स्वतःचं कापून द्यायचा थांबेल. मी नाही म्हटलं. मला वाटलं, विषय संपला."

म्हणजे मी ड्रायव्हरवर संशय घेतला, वॉचमनवर घेतला, पाठ बोलणाऱ्या मॅडमवर घेतला. मॅडमचं पाठ होतं, कारण असे हताश लोक महिन्यातनं चार वेळा दारात येतात आणि त्यांना तेच ते 'नाही' सांगावं लागतं. आणि जो एजंट मी हुडकत होतो, तो सकाळपासून मांडीवर ओटी घेऊन माझ्या शेजारी बसला होता.

"ह्या पिशवीत काय हाय?" सुगंधाबाईंनी मधेच विचारलं. त्यांना शांतता सोसेना.

"ओटी," आप्पा म्हणाले. "आमच्या मंडळींनी दिलीय."

"कोनाची?"

"डुकरिणीची."

सुगंधाबाई तोंडावर झगा धरून हसल्या. मग आप्पांचं तोंड बघितलं आणि झगा खाली सोडला. मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि आमचे उंदीर तर सगळे नर आहेत."

"आना हिकडं," सुगंधाबाई म्हणाल्या. "भराया काढलेली ओटी परत घरी न्हेत न्हाईत. त्यांचं हगनं-मुतनं मीच काढतंय, तर मान पन माझाच." आणि त्यांनी पदर नव्हता म्हणून झगाच पुढे केला. आप्पांनी नारळ ठेवला, खण ठेवला, मुठीनं तांदूळ घातले. थोडे तांदूळ फरशीवर सांडले, ते मी वेचले.

मांडवा जेटी

मांडव्याला बाकावर बसलो. बोटीतनं मुंबईची माणसं कुत्र्यांना कडेवर घेऊन उतरत होती. आमच्याकडे पोरं कडेवर असतात आणि कुत्री मागनं चालतात.

कुत्र्याची नक्कल करायचं पण मला सुचलं नाही. मग एकदम सुटलो. "आईला डुकराची ओटी भरायला लावलीत?"

"मी कुठं सांगितलं? तिनंच भरली."

"अडवलं पण नाहीत."

"काय सांगून अडवणार?"

"आणि बाई नाही म्हणाल्या होत्या, तरी मला आणलंत?"

"म्हटलं, तुज्यासमोर तिला दया येईल. एवढं एक खोटं बोलेल. डॉक्टर लोक बोलतात की. मी न्हाय बोललो कितीदा? म्हैस जाणार म्हायती असायचं, तरी मालकाला सांगायचो, उठेल उद्यापर्यंत."

"उठायची का?"

"न्हाय." मग म्हणाले, "तू तीस वर्षांचा पण न्हाईस. माजं झालंय जगून. मी तुज्या पोटावर सुरी फिरवून काय करू?"

मग मला जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "आप्पा, मला डुक्कर पाहिजे होतं. एजंट पकडायला जातोय असं म्हणत होतो, पण आतून वाटत होतं की ते खरं निघावं. हो म्हटल्यापासून माझी फाटलीय. हॉस्पिटलच्या जिन्यातनं दोनदा अर्ध्यावरनं परत फिरलोय. पडद्यावर उंदीर दिसले ना, तेव्हा मला रडायला आलं होतं."

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मग देतोस कशाला?"

"मग काय करू? तुम्ही सांगा. घाबरलो म्हणून तुम्हाला जाऊ देऊ? आणि नंतर तळ्यात राहू?"

तेवढ्यात आईचा फोन. मी फोन आप्पांच्या कानाला लावला. आईचा आवाज मला पण ऐकू येत होता.

"पोचलात का? कसं आहे?"

"बरं हाय," आप्पा म्हणाले. "दिसायला बरं हाय."

"ओटी भरली?"

"भरली."

"लाथ नाही ना मारली?"

"न्हाय. गरीब हाय." त्यांनी फोन माझ्याकडे असा दिला, जसा तव्यावरनं उचललाय.

तळ्याला परत गेलो, तर दारातच आईला सांगायला लागणार होतं की डुक्कर नाही, नव्हतंच. ते कोण सांगणार?

मी मुंबईच्या हॉस्पिटलात तारखा बघणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दोघांची एक मुलाखत राहिलीय, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळं विचारतात, परवानगी देणारी कमिटी आज चारला बसतेय. आज नाही आलात तर पुढच्या वेळी, आणि मग तारीख पण पुढे जाईल.

"तू जा एकटा," आप्पा म्हणाले.

"आणि काय सांगू? देणारा आलाय, घेणारा जेटीवर वारा खातोय?"

"मी एसटीनं घरी जातो."

"जा की. आईला डुक्कर तुम्हीच दाखवा."

आप्पांनी रस्त्याकडे बघितलं. मग बोटीकडे. मग परत रस्त्याकडे.

"बोट लागते मला," ते म्हणाले. "उलटी झाली तर?"

"पिशवी रिकामीच आहे."

मुंबई

बोटीबद्दल एवढंच सांगतो, की पिशवी उपयोगाला आली.

चारला हॉस्पिटलात आधी मला आत घेतलं. टेबलामागे तीन माणसं, एक कॅमेरा. मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "लिव्हर देण्यासाठी तुमच्यावर घरच्यांचा काही दबाव आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

तिघंही ताठ बसले. "कुणाचा?"

"वडिलांचा. देऊ नको म्हणतात. काल एवढ्यासाठी मला डुक्कर दाखवायला अलिबागला घेऊन गेले."

त्यांनी ते दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. कॅमेरा धरणारी पोरगी खाली बघून हसत होती. डॉक्टर नाही हसले. "आणि तुम्हाला भीती वाटते का?"

"वाटते."

"तरी देणार?"

"देणार."

त्यांनी लिहून घेतलं आणि मला बाहेर काढलं. आप्पा आत गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. दार लागलं.

आता सांगा, दिवसभर ज्या माणसानं मला फिरवलं, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन? आत जाऊन हा माणूस काहीतरी रचून सांगणार, पोरगा वेडा आहे, पोरगा दारू पितो, काहीही. मी सरळ दाराला कान लावला. शिपाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

आधी नाव, गाव, आजार. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी कान अजून दाबला. मग आप्पांचा आवाज.

"पोट कापल्यावर त्याला आवाज काढता येतील?"

"कसले आवाज?"

"नकला करतो तो. कंडक्टर करतो, म्हैस करतो, माजी पण करतो. मी मागं उभा राहून ऐकतो, त्याला म्हायती न्हाय. लोक पोट धरून हसतात. सगळा जोर पोटातनं काढतो तो."

"काही महिने जोर द्यायचा नाही. मग येतील."

"बोकडाला लय जोर लागतो."

"बोकड जरा उशिरा. बाकीचं आधी करू दे."

शिपाईसुद्धा आता माझ्याजवळ येऊन कान देत होता.

"मग घेतो मी," आप्पा म्हणाले. "कुठं सही करायची?"